मांजरवाल्या काकू

मांजरवाल्या काकूंकडे संध्याकाळी सात ते साडेसात कुणी जाऊ नये. बेल वाजवलीत तर दार बोटभर उघडतं, फटीतून काकूंचा एक डोळा दिसतो आणि ‘जेवणं चाललीत’ एवढं बोलून दार लागतं. काका साडेनऊला जेवतात हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक असल्यामुळे कुणाची जेवणं, असं कुणी विचारत नाही.

अशा काकू दादरला असतात, डोंबिवलीला असतात, पुण्यात तर पेठेगणिक असतात. गाऊनला केस चिकटलेले आणि फोनमध्ये नातवापेक्षा बोक्याचे फोटो जास्त. सुरुवात नेहमी एकाच पिल्लापासून होते, तीही ‘पावसात भिजत होतं म्हणून, दोन दिवसांपुरतं’. आमच्या काकूंकडे सध्या पाच आहेत: भाऊसाहेब, ठमी, चिंगी, गुंड्या आणि नुसतीच ‘ती’. तिला नाव नाही, कारण तिला ठेवून घ्यायचं नाही असं ठरलंय. तिला येऊन तीन वर्षं झाली.

आधी काकूंनी सगळ्यांना ओळीने बसवून पाहिलं. पण मांजर ही पंगतीची जात नव्हे. तिचे पूर्वज एकेकटे शिकार करायचे आणि उंदराएवढं जेवण कोपऱ्यात एकट्याने उरकायचे. शेजारी बसलेला तिच्या लेखी चोरच. भाऊसाहेब स्वतःची ताटली तशीच ठेवून आधी ठमीची संपवायचे. ठमी त्या धास्तीने न चावता गिळायची आणि पाचव्या मिनिटाला सगळं सोफ्यावर परत करायची. ते आवरायला गुंड्या जिभेसकट हजर असायचा.

आता पंगत मोडली आहे. भाऊसाहेबांचं पान बाथरूममध्ये, दार लावून. चिंगीचं फ्रिजवर, उंचावरून सगळ्यांवर नजर असल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही. गुंड्याला खाचाखोचांची ताटली. प्रत्येक घास जिभेने खोदून काढावा लागतो, हावरटपणाला तेवढाच लगाम. ठमी पलंगाखाली. आणि ‘ती’ बाल्कनीत, कारण ती आपल्याकडची नाही. अर्ध्या तासाने उरलेलं उचलायचं. दिवसभर वाटी भरून ठेवायची चैन भाऊसाहेबांच्या पोटाकडे बघून बंद झालीय.

फ्रिजमधलं गार खाणं चालत नाही. मांजर वासावर जेवतं आणि गार अन्नाला वास कमी असतो. म्हणून काकू ते कोमट करतात आणि तान्ह्याचं दूध बघावं तसं बोट लावून बघतात. दूध मात्र या घरात मांजरांना मिळत नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, हे कळल्यापासून ‘मांजर डोळे मिटून दूध पितं’ असं कुणी म्हणालं की काकू तिथल्या तिथे अडवतात, “पितं हो. मग जुलाब कोण पुसतं?”

या घरात सासूबाईंच्या काळात अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. आज काकूंना बाजारात शिरताना पाहिलं की कोळीण मासळीच्या तुकड्यांची पिशवी आधीच पुढे करते. काकू नाकाला पदर लावून ते उकडतात, काटे काढतात. मीठमसाला नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, कारण त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे तसं पाहिलं तर चातुर्मासात चालेल असंच, असं काकूंचं म्हणणं. मांजरांना गोडाची चव कळत नाही. काकांना ती फार कळते, आणि बंदी त्यांच्यावर आहे.

मागे भाचीच्या लग्नाला काकूंना कोल्हापूरला जावं लागलं. काका घरीच राहणार होते, तरी किल्ली शेजारच्या मुलीकडे दिली गेली. काकांनी एकदा भाऊसाहेबांना हॉलमध्ये वाढलं होतं. तो विषय घरात अजून निघतो. किल्लीबरोबर एक टाचणही होतं, चांगलं चार पानी. कुणाला किती, कुठे, कुणाचं दार कधी उघडायचं, ठमी जेवली नाही तर कुणाला फोन करायचा. ‘ती’ला पाऊच द्यायचा, पण लाड करायचे नाहीत. शेवटच्या पानाच्या तळाशी, जागा उरली होती तिथे लिहिलं होतं: ‘काकांची पोळीभाजी डब्यात आहे. ते आपलं आपण घेतात, दुसऱ्याच्या पानात तोंड घालत नाहीत.’