एफ म्हणजे फास्ट

आमचा कॉम्प्युटर २०१३ सालचा. तो सुरू करायचा म्हणजे बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा प्यायचा, कप विसळायचा आणि मग येऊन बघायचं, झाला का. झालेला नसायचा. एका सकाळी वर्ड उघडेपर्यंत मी लेखाची पहिली ओळच विसरलो आणि जाहीर केलं, की प्रोसेसर म्हातारा झालाय.

"कशावरून?" बायकोने विचारलं.

"आवाजावरून."

प्रोसेसरला आवाज नसतो, करकर करते ती हार्ड डिस्क, हे मला पुढे कळलं. तोवर मी दोनशे पानी वही आणली होती.

वहीत उभी रेघ मारून डावीकडे इंटेलचा कोअर आय-फाइव्ह १२४००एफ बसवला, उजवीकडे एएमडीचा रायझन ५ ५६००. दोघेही २०२२ साली बाजारात आलेले. दोघांनाही सहा कोअर, बारा थ्रेड. दोघांचाही कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ. शहाण्या माणसाने इथेच चिठ्ठी टाकली असती. मी तीन आठवडे घातले. आणि खरं सांगतो, त्या तीन आठवड्यांत जे सुख मिळालं ते पुढे प्रोसेसरनेही दिलं नाही.

४.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४४० कोटी ठोके. मला कीबोर्डवर 'ज्ञ' सापडायला पाचेक सेकंद लागतात. म्हणजे तेवढ्यात हा बिचारा २,२०० कोटी ठोके नुसता ताटकळणार. हे गणित मी वहीत सुवाच्य अक्षरात मांडलं, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि पान उलटलं. त्यातून माझ्याविषयी काही निघतंय, अशी शंकाही आली नाही.

पुढे कळलं, की नुसते ठोके मोजून भागत नाही, एका ठोक्यात काम किती होतं तेही बघावं लागतं. बैलाची पावलं मोजून नांगरट कळत नाही, त्यातला प्रकार. मग कॅश. इंटेलला १८ एमबी, एएमडीला ३२. ही भानगड समजावी म्हणून मी वहीत आमचं स्वयंपाकघर काढलं. कॅश म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा, हात घातला की मोहरी. रॅम म्हणजे फडताळ, चार पावलं चालावं लागतं. आणि हार्ड डिस्क म्हणजे नाक्यावरचा वाणी. तबकडी फिरून हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत दहाएक मिलिसेकंद जातात, आणि तेवढ्यात प्रोसेसरचे ४ कोटी ४० लाख ठोके होतात. फोडणी जळून कोळसा.

चित्र मला फार आवडलं. बायकोला दाखवलं. तिने चष्मा वर केला, वाण्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मग डबा कशाला बदलताय? वाणीच बदला की."

मी हसलो. तांत्रिक विषयांत बायकांना, म्हणून एक वाक्य सुरूही केलं होतं, ते सुदैवाने पूर्ण झालं नाही.

विजेच्या पानावरही रमलो. दोघांच्याही नावापुढे ६५ वॉट लिहिलेलं. पण खाली बारीक अक्षरांत, इंटेलवाला जोरात आला की ११७ वॉटपर्यंत जातो. आमच्या ऑफिसात एक गृहस्थ श्रावण पाळतात, तसंच हे. फार काही नाही, दोनच साबुदाणावडे. मग तिसरी बशी.

एकोणीस पानं भरली आणि सामना बरोबरीत सुटला. शेवटी निर्णय लागला तो भीतीवर. रायझनच्या पोटाला १,३३१ पिना असतात, केसासारख्या, त्यातली एक वाकली की संपलं. ज्या हाताने मी तीन गणपतींच्या सोंडा मोडल्या आहेत, त्या हातात हे देणं बरं नव्हे. इंटेलच्या चिपला पिना नसतात. (त्या मदरबोर्डवर असतात, १,७०० आहेत. हे विसाव्या पानावर आलं असतं.)

राहता राहिला शेवटचा 'एफ'. १२४०० हा साधाही मिळतो आणि एफ लावलेलाही. एफवाला स्वस्त. वहीत माझ्या हस्ताक्षरात आहे: 'एफ = फास्ट?' पुढच्या पानावर प्रश्नचिन्ह गळालं आहे.

शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी कॉम्प्युटरवाले तिथे लॅमिंग्टनलाच जातात. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट घेतलं. हार्ड डिस्क जुनीच लावायची ठरवली. चालू वस्तू टाकायची कशाला? दुकानदाराने खोका पुढे करत विचारलं, "साहेब, एफ आहे. कार्ड आहे ना?"

"आहे की," म्हणालो, आणि खिशातून बँकेचं कार्ड काढून दिलं.

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने ते मशीनमध्ये घातलं.

रविवारी जोडणी. सॉकेटची तार दाबताना जो कर्रर्र आवाज येतो, त्याने माझं आयुष्य दोन वर्षांनी घटलं. तो येतोच म्हणतात. प्रोसेसरवर पेस्ट वाटाण्याएवढी लावायची असते. मी सँडविचला लावतात तशी कडेपर्यंत लावली. कूलर उलटा केला तर त्याच्या बुडाला कंपनीने आधीच पेस्ट लावून दिलेली. आता दोन्ही थर मिळून कडांतून चटणी बाहेर. कूलरचे चार पाय दाबताना तीन 'टक्' म्हणाले. चौथ्याला मी माझं सगळं वजन दिलं, तेव्हा तोही म्हणाला.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला. पडद्यावर अक्षरं आली: नो सिग्नल.

केबल काढून घातली. दुसरी घातली. मॉनिटरला बाहेरून टपली मारली. शेवटी भाच्याला फोन केला.

"मामा, कुठला प्रोसेसर?"

"बारा हजार चारशे एफ." मी जरा रुबाबात सांगितलं.

"एफ म्हणजे त्यात ग्राफिक्स नाही. पडद्यावर चित्र पाठवायची सोयच नाही. वेगळं कार्ड लागतं. दुसरा कुठला बघत होतास?"

"रायझन ५६००."

"त्यालाही नाही. ५६००जी ला असतं."

तीन आठवडे मी दोन आंधळ्यांच्या चष्म्याचे नंबर ताडून बघत होतो. आणि ज्याला म्हातारा म्हणून काढलं, त्या २०१३ सालच्या आय-थ्रीच्या पोटात ग्राफिक्स होतं.

पुढच्या रविवारी भाचा आला. माझ्यासाठी त्याच्या माळ्यावरचं जुनं ग्राफिक्स कार्ड आणि मामीसाठी, हार्ड डिस्कच्या जागी लावायची, एक छोटी एसएसडी. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क मी पळवल्यामुळे तिचे सोसायटीचे हिशेब अडले होते. पत्त्यांच्या कॅटएवढी ती चपटी डबी त्याने स्क्रूसुद्धा न लावता आत ठेवली आणि विंडोज टाकलं. बायकोने बटण दाबून चहाचं आधण ठेवलं. आधणाला बुडबुडे यायच्या आत आय-थ्री तयार होता.

"वाणी बदलला," ती म्हणाली.

मीही माझं बटण दाबलं. या खेपेस चित्र आलं. मग मी चहा घेतला, कप विसळला, परत आलो. आतून ओळखीची करकर चालू होती. टास्क मॅनेजर उघडला. डिस्कपुढे १०० टक्के लागलेले. प्रोसेसरचं पान काढलं, तर बारा थ्रेडच्या बारा चौकटी, आणि बाराहींच्या तळाला एकेक सरळ रेघ.

बायको हात पुसत मागे येऊन उभी राहिली. चौकटींकडे बघून तिने आवाज खाली आणला. "अहो, ईसीजी कुणाचा आहे हा?"