नाऱ्याची बाजू

दुसऱ्याच्या अडचणींबाबत मी कमालीचा सकारात्मक आहे. कुणाची नोकरी जावो, कुणाचं ठरलेलं लग्न मोडो, कुणाचा बिल्डर पैसे घेऊन परागंदा होवो, माझ्या चेहऱ्यावर तेज चढतं आणि तोंडून 'होतं ते बऱ्यासाठीच' निघतं. या वाक्याला खर्च नाही, त्यावर जीएसटी नाही, आणि बोलणारा त्यात फार भारदस्त दिसतो. तेच वाक्य माझा स्वतःचा दात ठणकत असताना कुणी ऐकवलं, तर तो माणूस मला उथळ वाटतो. यावरून माझं मत असं झालं आहे, की 'पॉझिटिव्ह राहा' हे औषध घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या प्रकृतीला जास्त मानवतं.

औषध जुनं आहे. फ्रान्समधल्या नॅन्सीत एमिल कुए नावाचे औषधविक्रेते होते. आपण दिवसेंदिवस सुधारतो आहोत अशा अर्थाचं एक वाक्य सकाळ-संध्याकाळ वीसदा पुटपुटायचं, आणि मोजणी चुकू नये म्हणून वीस गाठींची दोरी जवळ ठेवायची, हा त्यांचा उपचार. 1952 साली नॉर्मन व्हिन्सेंट पील या अमेरिकन धर्मोपदेशकाचं सकारात्मक विचारांवरचं पुस्तक तुफान खपलं. 2006 साली 'द सीक्रेट'ने तर विश्वालाच कामाला लावलं. मनापासून मागा, मिळेल. आपण यात हरखून जाण्यासारखं काही नाही. वास्तुपुरुष 'तथास्तु' म्हणतो, म्हणून घरात वाईट बोलायची आपल्याकडे आधीपासून बंदीच. फक्त आपण त्याचं शिबिर भरवून फी घेतली नाही.

ही बंदी मोडणारा एकच वीर मराठीने लक्षात ठेवला. शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्याला हसतो आहोत. पण आग लागली होती की नव्हती, याची चौकशी कुणी केली? म्हणीत खुलासा नाही. लागली नसेल तर नाऱ्या वाह्यात, कबूल. लागली असेल, तर अख्ख्या लग्नघरात शुद्धीवर असलेला तो एकटाच इसम होता. वधूपिता आहेर मोजण्यात, वरमाय रुसण्यात, आणि पंगतीतल्यांना धुराचा वास म्हणजे आचाऱ्याची करामत वाटलेली. अशा वेळी त्याने काय म्हणायला हवं होतं? 'मंडपात छान ऊब आली आहे'? हाच नाऱ्या आज एखाद्या कंपनीत असता, तर एचआरने त्याला बोलावून त्याच्या अ‍ॅटिट्यूडवर तासभर प्रेमाने चर्चा केली असती, आणि मांडव जळाल्यावर खचून न जाण्याविषयी कार्यशाळा भरवली असती. त्या कार्यशाळेतही, बाहेर पडायचं दार कुठे आहे हे फक्त नाऱ्याने पाहून ठेवलं असतं.

पुरावाही त्याच्याच बाजूचा आहे. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांनी वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. तो 1991 साली प्रसिद्ध झाला. आपण सडपातळ झालो आहोत अशी गोड स्वप्नं जिने जास्त रंगवली, तिचं वजन कमी उतरलं. स्वप्नातच पोहोचल्याचं समाधान मिळालं की मन चप्पल काढून बसतं. कॅनडात जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 साली दाखवलं, की 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं घोकून, ज्यांना स्वतःविषयी आधीच कमी वाटत होतं, त्यांना आणखी वाईट वाटलं. ज्यांना गरज नव्हती, त्यांना जरासा फायदा झाला. एकूण हे औषध निरोगी माणसाला चांगलं लागू पडतं.

यावर कुणी विचारेल, मग काय रडत बसायचं? आशा सोडायची? मुळीच नाही. त्याच अभ्यासात, आपल्याला हे जमेल असा अंदाज बाळगणाऱ्या स्त्रियांचं वजन जास्त उतरलं. अंदाजाला मागचा अनुभव लागतो, स्वप्नाला फक्त उशी. अल्बर्ट एलिस यांची आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धतीही 'सगळं छान आहे' असं म्हणायला लावत नाही. हे वाईट आहे, नको होतं, पण असह्य नाही, आता काय करता येईल बघू, इतकंच ती म्हणते. नाऱ्याने आग लागल्याचं सांगून लगेच बादली शोधली, तर तो याच पंथातला.

इथवर थट्टा ठीक आहे. पण कॅन्सर झालेल्या माणसाच्या उशाशी बसून 'तू पॉझिटिव्ह राहा, म्हणजे नक्की बरा होशील' म्हटलं जातं, तेव्हा माझी थट्टा आटते. डोक्या-मानेचा कॅन्सर झालेल्या 1,093 रुग्णांची पाहणी जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केली. त्यांची मनःस्थिती आणि ते किती जगले यांचा संबंध आढळला नाही. आनंदी मनाने दिवस बरे जातात, आणि तेवढं पुरेसं मोलाचं आहे. पण बरं होणं मनावर सोपवलं, की न बरं होणंही मनावर येतं. किमोने गळून गेलेल्या बाईला आपण तिच्या गाठीसाठी जबाबदार धरतो, आणि वर तिच्याकडून हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा करतो. आधी आजार, त्यात पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून नाटक. हा सल्ला नव्हे, छळ आहे.

तेव्हा कुणाला भेटायला जाल तर एवढं करा. रात्री सोबतीला कोण थांबतंय, रिपोर्ट आणायला कोण जातंय, ते विचारा. ती रडली तर रडू द्या. जेवणाचा डबा न्या, आणि तो परत मागायची घाई करू नका.