दोन बिऱ्हाडं, एक दिंडीदरवाजा

एकाच संगणकात विंडोज आणि लिनक्स नांदवणं म्हणजे वाटणी झालेल्या वाड्यात दोन भाऊबंद. चुली वेगळ्या, दिंडीदरवाजा एक, आणि त्यावर ग्रब नावाचा दरवान. पाच सेकंद वाट पाहतो. तुम्ही चहा ओतत असाल तर पहिल्या घरात ढकलून मोकळा. पहिलं म्हणजे शून्य क्रमांकाचं, कारण स्वारी शून्यापासून मोजते.

२०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून शेजारी कोण राहतं याची चौकशीही त्यानं आपणहून सोडली. सुरक्षेसाठी, म्हणे! मग मालकानं सेटिंगची फाइल उघडून लिहून द्यायचं: 'शोध बंद आहे, हे खोटं आहे.' सरळ 'शोध चालू' लिहिलं तर दप्तराची अब्रू जाते. एवढं लिहून जतन केलं तरी काही हलत नाही. वेगळी आज्ञा देऊन यादी नव्यानं बनवावी लागते. तलाठ्याकडची फेरफार नोंदच जणू.

हे सगळं जमलं की घड्याळावरून भांडण. लिनक्स यंत्रातलं घड्याळ जागतिक वेळेवर लावतो, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतो. दुपारी चारला पडद्यावर साडेदहा. ऑफिसात उशिरा पोचणाऱ्यांनी ही सोय अजून पुरेशी वापरलेली नाही.