ओट्यावरून दिसेल तोच टीव्ही
नाशिक शहर व पंचक्रोशीतील इच्छुक खरेदीदारांसाठी सविस्तर मार्गदर्शिका

१. पात्रता

घरातला टीव्ही व्यवस्थित चालू आहे आणि तो बदलायला एकही सबळ कारण नाही, अशा कुटुंबांसाठी ही मार्गदर्शिका आहे. टीव्ही खरोखरच बंद पडलेल्यांनी ती वाचू नये. ते लोक संध्याकाळची मालिका सुरू व्हायच्या आत दुकानात जातात, जो मिळेल तो उचलतात आणि पुढची आठ वर्षं सुखात राहतात. अभ्यास, तुलना आणि मनस्ताप हे चालू टीव्हीवाल्यांचे विशेषाधिकार आहेत.

२. पूर्वतयारी : शोकेस

टीव्हीचा आकार आपण ठरवतो, हा गैरसमज प्रथम दूर करावा. तो आकार पूर्वी कधीतरी सुताराने ठरवलेला आहे. हॉलमधल्या शोकेसचा खण त्याने २९ इंची डब्यासाठी केला, वर काचेच्या फळीत चषक आणि शंकर-पार्वती बसवले आणि तो निघून गेला. आता तो खण हेच आपलं भवितव्य.

टीव्हीचे इंच म्हणजे कर्ण, हे लक्षात ठेवून टेप बाहेर काढावा. ३२ इंची संच जेमतेम २८ इंच रुंद असतो, ४३ इंची साडेसदतीस आणि ५५ इंची तब्बल ४८ इंच, म्हणजे पुरते चार फूट. त्यामुळे ४० इंची खणात ४३ इंची टीव्ही बसतो. मेव्हणे हे मान्य करणार नाहीत. त्यांच्यासमोर पायथागोरसचा उल्लेख टाळावा, फक्त टेप धरायला द्यावा.

३. अंतर मोजणे

सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजावं. नाशिकच्या फ्लॅटमध्ये ते साधारण दहा फूट भरतं, असं धरून चालू. सुदृढ डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखतो. दहा फुटांवर हा बारकावा होतो जवळजवळ ०.९ मिलिमीटर. ४३ इंची पडद्यावर फुल एचडीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि ४केचा पाव मिलिमीटरचा. दोन्ही नजरेच्या टप्प्याखाली. म्हणजे ४केचं सुख डोळ्यांनी भोगायचं, तर सोफा साडेपाच फुटांच्या आत ओढायला हवा किंवा टीव्ही ७५ इंचांच्या पुढचा घ्यायला हवा. सोफा ओढल्यास जेवणाची पंगत कुठे बसणार आणि टीव्ही वाढवल्यास शंकर-पार्वती कुठे जाणार, हे प्रश्न तंत्रज्ञानाच्या कक्षेबाहेरचे आहेत. सुदैवाने ४३ इंचांपासून पुढचे बहुतेक संच आता ४केच येतात. तेव्हा तो घ्यावा, पण मिरवू नये.

मिरवू नये याचं दुसरं कारण सेटटॉप बॉक्समध्ये आहे. साध्या, म्हणजे एसडी चॅनलचं चित्र फार तर ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं. ४के पडद्यावर ठिपके ३८४० गुणिले २१६०. भागाकार करून पाहावा, उत्तर बरोबर २० येतं. म्हणजे पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांमागे एका ठिपक्याची माहिती प्रक्षेपणातून येते आणि उरलेले एकोणीस टीव्ही स्वतःच्या अंदाजाने भरतो. महिन्याचे थोडे पैसे वाचवायला एचडी पॅक न घेणाऱ्या घरात नायिकेच्या चेहऱ्याचा वीसातला एकोणीस हिस्सा कारखान्यातल्या चिपने कल्पिलेला असतो.

४. घराण्यांची ओळख

डबा : काचेची नळी, मागे पोट, वर क्रोशाचा रुमाल. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यात चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता, त्यामुळे हे घराणं आपल्याला परकं कधीच वाटलं नाही. आता ते फक्त शोकेसच्या खणाच्या रूपाने हयात आहे.

प्लाझ्मा : १९६४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात जन्म. बारीक कप्प्यांतल्या वायूला विजेने पेटवून प्रकाश काढायचा. चित्र सुंदर, काळा गडद, पण वीज जास्त खायचा आणि तापायचाही. २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी त्याचं उत्पादन थांबवलं. एखाद्या जाणकार काकांसमोर याचं नाव काढल्यास किमान अर्धा तास राखून ठेवावा.

एलईडी : हा मुळात एलसीडीच. मागे दिवा, पुढे द्रवस्फटिकांची झडप. झडप उघडली की उजेड, मिटली की काळोख. पूर्वी मागे बारीक ट्यूबा होत्या, आता एलईडी आहेत, एवढाच बदल. झडपेचे दोन पोटभेद आहेत. आयपीएस बाजूने पाहिलं तरी रंग टिकवते, पण मिटल्यावरही थोडा उजेड झिरपू देते. व्हीए समोरून पाहणाऱ्याला चांगला गडद काळा देते, पण पाहणारा बाजूला सरकला की रंग विटतात. या पोटभेदाचा उल्लेख खोक्यावर सहसा नसतो. म्हणूनच तो महत्त्वाचा आहे.

क्यूएलईडी : तोच एलसीडी, पण निळ्या दिव्यापुढे क्वांटम डॉट्सचा पातळ थर. हे अतिसूक्ष्म कण निळ्या उजेडातून शुद्ध लाल आणि हिरवा काढून देतात. निळ्या एलईडीला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल, क्वांटम डॉट्सना २०२३ चं रसायनशास्त्राचं. अशी दोन नोबेलं एकाच भिंतीवर टांगून त्यांवर सासू-सुनांचं भांडण पाहायची सोय प्रथमच झाली आहे.

मिनी एलईडी : मागचे दिवे शेकडो-हजारो करून त्यांचे गट पाडायचे आणि चित्रात अंधार असेल तिथला गट मंद करायचा. काळा सुधारतो. मात्र काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती प्रभावळ दिसू शकते. पौराणिक मालिकांत हा दोष खपून जातो.

ओएलईडी : इथे मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. कोडॅकच्या प्रयोगशाळेत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये याचा पाया घातला. बाजूने पाहिला तरी रंग शाबूत राहतात. किंमत मात्र समोरूनच पाहावी लागते. ती पाहून खचलेल्यांनी घरातले मोबाईल तपासावेत. त्यांतल्या एखाद-दुसऱ्याचा पडदा ओएलईडी निघण्याची दाट शक्यता असते.

मायक्रोएलईडी : २०२३ मध्ये भारतात विक्रीला आलेल्या ११० इंची संचाची किंमत एक कोटी पंधरा लाखांच्या आसपास होती. नाशिकरोडला नोटा छापल्या जातात हे खरं, पण त्या तिथून बाहेर जातात.

५. काळ्याची पारख

विक्रेता कॉन्ट्रास्टबद्दल बोलू लागेल. कॉन्ट्रास्ट म्हणजे पडद्यावरचा सर्वांत उजळ पांढरा आणि सर्वांत गडद काळा यांचं गुणोत्तर. ज्या गावात काळाराम आणि गोरेराम ही दोन्ही मंदिरं पायी चालण्याच्या अंतरावर आहेत, तिथल्या माणसाला हे कोणी शिकवू नये. तरीही आकडे ऐकून घ्यावेत : आयपीएस हजारास एकच्या आसपास, व्हीए तीन हजार आणि त्यापुढे. ओएलईडीत विझलेला ठिपका पूर्ण विझतो, म्हणजे भागाकारात खाली शून्य. शाळेत गणिताच्या सरांनी ज्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं होतं, तेच जाहिरातीत ‘अनंत कॉन्ट्रास्ट’ म्हणून छापतात.

आता या अनंताचं नाशिकच्या हॉलमध्ये काय होतं ते पाहू. गडद काळा दिसायला खोलीत अंधार लागतो. दिवा चालू असेल तर पडद्याची काच खोलीतला उजेड परत फेकते आणि कोणताही काळा करडा होतो. आणि मालिकांची वेळ तिन्हीसांजेनंतरची. दिवेलागणीला घरात काळोख करून बसण्याचा प्रस्ताव आजीपुढे मांडून पाहावा. कोडॅकच्या प्रयोगशाळेने जे कमावलं ते ट्यूबलाइटच्या एका बटणाने जातं, आणि बटण आजीच्या हाताशी आहे.

हॉलची गॅलरी पश्चिमेला असल्यास दुपारच्या क्रिकेट सामन्याला काळ्याची चिंता करूच नये. तिथे लागतो झगझगीत पांढरा, आणि तो मिनी एलईडी जास्त देतो.

६. दुकानातील वर्तन

महात्मा गांधी रोड असो वा कॉलेज रोड, दुकानात शिरताच चाळीस टीव्हींवर एकच पोपट उडताना दिसेल. पोपटाला भुलू नये. तो खास विक्रीसाठी चित्रित केलेला असतो आणि संच सर्वांत भडक मोडवर ठेवलेले असतात. घरी पोपट येणार नाही.

विक्रेत्याला नम्रपणे सांगावं, “दादा, जरा बातम्यांचं चॅनल लावता का? एचडी नको, साधंच.” तो म्हणेल, “काका, त्यात क्वालिटी दिसणार नाही.” मग शांतपणे म्हणावं, “तेच बघायचंय.”

हर्ट्‌झचे मोठे आकडे ऐकून मान डोलवावी, पण पडद्याचा खरा वेग ६० की १२०, एवढंच विचारावं. बाकीचे आकडे वेगवेगळ्या नावांखाली केलेला गुणाकार असतो.

किमतीबाबत : ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. वाचलेल्या पैशात बारा इंच मोठा टीव्ही बसवून जास्त खर्च करणं, हा या बचतीचा सर्वमान्य उपयोग आहे.

७. ओटा-परीक्षा

हा या मार्गदर्शिकेचा गाभा आहे. टीव्ही घेताना आपण सोफ्याच्या मधोमध बसलेल्या माणसाचा विचार करतो, कारण बहुधा तोच पैसे देत असतो. पण त्याच्यासमोर कोणताही टीव्ही चांगलाच दिसतो. टीव्हीची खरी कसोटी घरातल्या सर्वांत वाईट जागेवरून लागते. ती जागा म्हणजे स्वयंपाकघराच्या दारातून तिरकं दिसणारा ओटा. तिथे उभी असलेली व्यक्ती पन्नास-साठ अंशांच्या कोनातून, एक डोळा कढईवर ठेवून, रोजचे सगळे भाग पाहते. व्हीए पडद्यावर तिला नायिकेची पैठणी धुतल्यासारखी दिसते. याबद्दल तिने कधी तक्रार केलेली नसते, कारण तिला कोणी विचारलेलंच नसतं.

कृती : घरातून निघण्यापूर्वी ओट्यापासून टीव्हीपर्यंतचा कोन भिंतीवर खडूने आखून घ्यावा. ओट्याच्या प्रतिनिधीला सोबत न्यावं. परस्पर खरेदी रद्दबातल समजली जाईल. दुकानात प्रतिनिधीने टीव्हीसमोर न थांबता त्याच कोनात बाजूला जाऊन उभं राहावं. विक्रेता काळजीने म्हणेल, “काकू, इकडून बघा ना, तिकडून नीट दिसत नाही.” या वाक्यासरशी तो संच बाद. जो संच तिथूनही रंग टिकवेल, तो आयपीएस किंवा ओएलईडी असेल किंवा कोन रुंदावणारा थर लावलेला. घराण्याचं नाव आता कळलं नाही तरी चालेल. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या आकारात झडप वेगळी असू शकते, म्हणून जो आकार घ्यायचा तोच तपासावा.

आवाजाची परीक्षाही तिथूनच घ्यावी. संच जितका पातळ, तितके स्पीकर बारीक, आणि बऱ्याचदा ते जमिनीकडे किंवा भिंतीकडे तोंड करून बसवलेले. तो आवाज कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला पुरून उरेल का, हे कोणत्याही माहितीपत्रकात दिलेलं नसतं. गरज पडल्यास साउंडबारची तरतूद टीव्हीच्या रकमेतून करावी.

८. घरी आणल्यावर

स्टॅबिलायझर : बहुतेक नवे संच १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात. स्टॅबिलायझरपेक्षा सर्ज प्रोटेक्टर घ्यावा आणि वळवाच्या गडगडाटात प्लग व केबल काढून ठेवावी.

मुख्य बटण : ओएलईडीवाल्यांसाठी हे कलम गंभीर आहे. एकच लोगो आणि तळाची लाल पट्टी रोज तासन्‌तास राहिली, तर तिथले ठिपके लवकर थकून डाग उमटू शकतो. हे टाळण्यासाठी संच रिमोटने बंद केल्यावर स्वतःची डागडुजी करतो आणि त्यासाठी त्याला वीज लागते. पण मराठी घरात झोपण्यापूर्वी बोर्डावरची सगळी बटणं बंद झाल्याशिवाय बाबांना झोप येत नाही. दिवसभर बातम्या आणि रात्री बटण बंद, हा दिनक्रम असलेल्या घराने ओएलईडी घेऊ नये. बाबांना बदलण्याचा प्रयत्न वॉरंटीत येत नाही.

मोड : भडक मोड काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ लावावा. घरचे म्हणतील, “पिवळं दिसतंय.” निळसर पांढऱ्याची सवय मोडायला काही दिवस जातात. तसंच, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. ही सोय मधल्या चौकटी स्वतः रचून भरते आणि प्रत्येक चित्रपटाची मालिका करून टाकते. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले. त्यांच्या जिल्ह्यात तरी हे होऊ नये.

९. निर्णय

दिवे चालू, मालिका आणि बातम्या, ओटा तिरका : आयपीएसचा साधा एलईडी घ्यावा, वाचलेल्या पैशात एचडी पॅक. पश्चिमेची गॅलरी आणि दुपारचं क्रिकेट : मिनी एलईडी, पण ओटा-परीक्षा उत्तीर्ण झालेला. रात्री दिवे मालवून सिनेमा पाहणारे, बातम्यांचा तिटकारा असलेले आणि ज्यांची आजी बटणाला हात लावत नाही, असे : ओएलईडी. तिन्ही प्रकार एकाच घरात असल्यास ५५ इंची आयपीएस घ्यावा, म्हणजे सगळ्यांची नाराजी सारखी वाटली जाईल.

१०. वादविवाद

दुकानाच्या बिलावर तळाशी छापलेलं असतं की वाद उद्भवल्यास न्यायक्षेत्र नाशिक. हे कलम अपुरं आहे. टीव्हीच्या निवडीबाबतचे सर्व वाद ओट्यापाशी चालवले जातील, निकाल तोंडी दिला जाईल आणि अपील नाही.