फाट्यावरचे काका

कापूरहोळच्या फाट्यावर हॉटेलाच्या गल्ल्यामागे सापडणारे निवृत्त काका ही माणसांतली एक स्वतंत्र जात आहे. निवृत्त शिक्षक, कंपनीतला फोरमन, बँकेतला शिपाई असे तिचे पोटभेद. पण अस्सल नमुना एसटीच्या वाहकाचा. शिक्षक गिऱ्हाइकाला शिकवायला जातो, शिपाई साहेबाची वाट बघतो. वाहकाला मात्र नोकरीभर अनोळखी माणसांखेरीज काही मिळालेले नसते आणि त्यांचाच नाद लागलेला असतो.

नोकरी 58व्या वर्षी संपते. पेन्शन ईपीएस-95 चे. त्याची किमान रक्कम 2014 पासून 1,000 रुपये आहे. काकांचे त्याहून थोडे बरे असले, तरी नातवासमोर सायकलचा विषय काढू नये इतपतच. पण पैसा हे चारचौघांत सांगायचे कारण. निवृत्तीनंतर महिन्याभरात काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ‘पुढं सरका’ म्हणू लागतात आणि काकूच हॉटेलमालकाला निरोप धाडतात. मालक बहुधा भावकीतला. शनिवार-रविवार सकाळी सात ते दुपारी दोन, जमल्यास गुरुवारी, चहा-नाश्ता हॉटेलचा, एवढ्यावर ठरते.

जागा अशी की माणसांचा तुटवडा नाही. पुणे-सातारा महामार्गावरून इथे एक रस्ता भोरकडे फुटतो. तो पुढे मांढरदेवी, वाईला जातो, नाहीतर वरंधा घाटाने महाडला. दुसरा केतकावळ्याचे बालाजी मंदिर आणि नारायणपूर करत सासवडला. गाडीतून पाय खाली पडण्याआधी काकांना माणूस कुठला ते कळते. बालाजीहून परतणारे प्रसाद घेऊन आलेले असतात, चहावर भागवतात. गुरुवारचे दत्तभक्त आधी कांदा-लसणाची चौकशी करतात. पुरंदर चढून आलेली पोरे निथळत येतात आणि एका मिसळीवर पाव मागवत राहतात. खेड शिवापूरचा टोल भरून आलेला माणूस मात्र पहिली पाच मिनिटे कुणाशी बोलण्याच्या स्थितीत नसतो. त्याला काका पाणी देतात आणि लांब उभे राहतात.

मिनीबस थांबली की काका दारात जाऊन डोकी मोजतात आणि आत आरोळी देतात, “अकरा फुल, दोन हाफ!” भटारखान्याला अर्थ ठाऊक असतो: दोन वाट्या तर्रीविना.

बसवण्याची पद्धतही लाल गाडीचीच. पुण्याच्या चौकोनी कुटुंबाला वेगळे टेबल हवे असते. काका “जरा सरकून घ्या” म्हणत शेजारी सासवडचे जोडपे टेकवतात. मिसळ येईपर्यंत एकाची आत्या दुसऱ्याच्या आळीत निघते. न निघाल्यास काका ती काढून देतात. वरंधा चालू आहे का, या पावसाळी प्रश्नावर ते आगारातल्या जुन्या सोबत्याला फोन लावतात. त्यात घाटाची खबर अर्धा मिनिट आणि सोबत्याच्या गुडघ्याची पाच मिनिटे असते. संभाजी महाराजांना दूध पाजणारी धाराऊ गाडे याच गावची, हे कुणी विचारले नाही तरी सांगितले जाते. सांगताना काकांचा स्वर असा असतो, की पाहुण्याच्या लेकराचे पोट भरणे हा गावचा धंदा तेव्हापासूनचा.

काकांचे एकच दुःख आहे, गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर कोड. सुट्ट्या पैशांवरून होणारी कुरबूर ही त्यांच्या मते ओळखीची पहिली पायरी. पाचशेची नोट पुढे आली की “सुट्टे द्या” म्हणायचे, गिऱ्हाइकाने खिसे चाचपायचे, तेवढ्यात गाव, नोकरी, मुलीचे लग्न सगळे निघायचे. आता भिंतीवरची पेटी ‘पैसे मिळाले’ म्हणते आणि माणूस तोंड न उघडता निघून जातो. तरी काका मागून विचारतातच, “कुठपर्यंत?”

आषाढात भाताच्या लावणीला काका आठवडाभर रजेवर जातात. गल्ल्यावर मालकाचा मुलगा बसतो. तो हिशोबात चोख; वेगळे टेबल मागणाऱ्याला वेगळे टेबल मिळते, गिऱ्हाईक खाऊन लगेच उठते, जागा लवकर रिकामी होते आणि गल्ला काकांच्या आठवड्यापेक्षा जास्त भरतो. ही गोष्ट मालक काकांच्या कानावर जाऊ देत नाही.