दुसऱ्या राउटरला पत्ते वाटू देऊ नका

जयपूरच्या परकोट्यातल्या जुन्या घरांत दुसरा राउटर ही चैन नव्हे, गरज आहे. १७२७ साली वसलेलं हे शहर. तिथल्या हवेल्यांच्या भिंती दगड-चुन्याच्या आणि चांगल्या जाड. पुढच्या खोलीतलं वायफाय मागच्या चौकापर्यंत पोचता पोचत नाही, आणि ५ गिगाहर्ट्झची लहर तर दुसऱ्या भिंतीलाच मान टाकते. मग लोक बाजारातून दुसरा राउटर आणतात, पहिल्याला वायरने जोडतात आणि खरी पीडा तिथून सुरू होते.

किशनपोल बाजाराच्या मागे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं हेच झालं. वरच्या खोलीत मुलीचा लॅपटॉप झकास चालायचा. त्याच पलंगावर बसलेल्या आजोबांच्या फोनवर मात्र वायफाय जोडलेलं, पण इंटरनेट नाही. दुसऱ्या दिवशी नेमकं उलट. घरातल्या काकूंनी इंटरनेट कंपनीला फोन लावला की ठरलेलं उत्तर, ‘बंद करके चालू कर लीजिए।’ केलं की थोडा वेळ सुरळीत, पुन्हा येरे माझ्या मागल्या. शेवटी कंपनीचा माणूस घरी आला, त्याने भिंतींकडे बोट दाखवलं आणि महागडा प्लॅन घ्या म्हणाला.

याचा मला संताप येतो. भिंतीचा दोष असता तर एकाच पलंगावरच्या दोन यंत्रांपैकी एकच कसं बंद पडलं असतं? आणि महागड्या प्लॅनने वेग वाढतो, जोडणीतली चूक सुधारत नाही.

चूक पत्त्यांच्या वाटपात होती. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता देतो आणि बाहेर जायचं दार कोणतं, तेही सांगतो. या कामाचं नाव डीएचसीपी. दोन्ही राउटर लॅन पोर्टांनी, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या खाचांनी, जोडलेले आणि दोघांचंही डीएचसीपी चालू, म्हणजे एका घरात दोन कारभारी. फोन बहुधा आधी उत्तर देईल त्याचं ऐकतो. दुसऱ्याचं ऐकलं की तो राउटर स्वतःलाच दार म्हणून दाखवतो, आणि त्याच्यामागे इंटरनेट नसतंच. आजोबांच्या फोनमध्ये वायफायचा तपशील उघडला, तर ‘गेटवे’पुढे, म्हणजे दारापुढे, दुसऱ्या राउटरचा १९२.१६८.०.१, मुलीच्या लॅपटॉपवर पहिल्याचा १९२.१६८.१.१. निदान झालं!

काही जण वायर दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरून इंटरनेट येण्याच्या खाचेत, खुपसतात. इंटरनेट बहुधा चालतं, पण वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर आपसूक सापडत नाही. त्यात दोन्ही राउटरांचा पत्ता एकच निघाला तर सगळंच अडतं. घरगुती वापरासाठी राखलेल्या १९२.१६८ च्या गटात ६५,५३६ पत्ते आहेत, तरी बहुतेक राउटर कारखान्यातून त्याच दोन-चार पत्त्यांवर येतात.

इलाज फुकट आहे. दुसरा राउटर आधी एकटाच लॅपटॉपला जोडा आणि त्याच्या सेटिंगचं पान उघडा. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, म्हणजे पहिल्याच्याच गटातला पण वेगळा. पत्ता बदलताच उघडलेलं पान गायब होईल, घाबरू नका, नव्या पत्त्यावर पुन्हा उघडा. मग डीएचसीपी बंद करा. आता पहिल्याच्या लॅन पोर्टातून दुसऱ्याच्या लॅन पोर्टात वायर घाला, एकच. दोन घातल्या तर माहिती गोल फिरत राहते आणि सगळं घर ठप्प होतं. वॅन पोर्ट रिकामा ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनेल १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या. राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडला की यातलं बरंचसं आपोआप होतं.

जोडणीला येणाऱ्या माणसाला हे सगळं ठाऊक असायला हवं, निदान ग्राहकाला सांगण्याइतकं तरी. पण पुष्कळदा तो राउटरच्या सेटिंगचा पासवर्डही न देता निघून जातो आणि घरातली माणसं पुढची कित्येक वर्षं बटण बंद-चालू करत राहतात. महिन्याचं बिल तुम्ही भरता. तो पासवर्ड कागदावर लिहून घ्या, वरच्या खोलीत दोन फोन त्याच्यासमोर चालवून बघा, आणि मगच कामाच्या कागदावर सही करा.