माननीय दंडसाहेबांस, सा. न. वि. वि.

प्रति,
श्री. दंडसाहेब,
मु. पो. जीएसटी पोर्टल

रत्नागिरी जिल्ह्यातल्या समस्त छोट्या व्यापाऱ्यांचा आपणांस शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या वक्तशीरपणाने आम्ही भारावून गेलो आहोत. पावसाळ्यात कोकण रेल्वे रखडेल, एसटी घाटात अडकेल, आपण मात्र मुदत टळली की दुसऱ्याच दिवशी हजर. विवरणपत्र राहिलं तर रोजचे 50 रुपये, काहीच धंदा झाला नसेल तर रोजचे 20. गल्ला रिकामा असतानाही आठवणीने विचारपूस करणारं आपल्यावाचून आम्हाला आहे कोण?

22 जुलै 2021 आपल्या लक्षात असेलच. त्या दिवशी वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. आपल्या पंचांगात तोच दिवस महाराष्ट्रातल्या तिमाही विवरणपत्राचा शेवटचा दिवस होता. माणसं वरच्या मजल्यावर जीव मुठीत धरून बसली होती आणि खाली आपलं मीटर चालू व्हायच्या बेतात होतं. एवढी कर्तव्यदक्षता आम्ही कुठे पाहिली नाही.

आपलं मन मोठं, हेही मान्य. उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर एका विवरणपत्रामागे विलंब शुल्क 2,000 रुपयांवर जात नाही. आपले बंधू व्याजराव मात्र अशी मर्यादा पाळत नाहीत. थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के दराने ते येतच राहतात.

पूर ओसरल्यावर आपण केलेलं सांत्वन तर कायमचं स्मरणात राहील. नष्ट झालेल्या मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, असं केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम 17(5) सांगतं. म्हणजे साखर विरघळली, कापड कुजलं, सिमेंट गोठलं आणि खरेदीच्या वेळी भरलेल्या कराचं घेतलेलं क्रेडिटही परत करायचं. माल नदीने नेला, उरलंसुरलं आपण नेलंत. कामाची वाटणी चोख!

लेखापरीक्षणाला येण्याआधी आपण किमान 15 कामाचे दिवस अगोदर कळवता, त्याबद्दल विशेष आभार. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपायचे, हा आपला नियम. पुरातली बिलबुकं आम्ही जपलीच होती. वाळल्यावर ती विटेसारखी कडक झाली. पान उलटायला जावं तर आतल्या आकड्यांसकट तुकडा हातात येई. आपण तपासून द्याल काय?

आपल्या नोटिसांचा विनय तर काय सांगावा! गाजावाजा न करता त्या पोर्टलवरच्या ‘ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ नावाच्या कोपऱ्यात जाऊन बसतात. नोटिशीनंतर 30 दिवसांत कर आणि व्याज भरलं तर कलम 73 खाली दंड माफ आहे. 2024-25 पासूनच्या वर्षांना 60 दिवस मिळतात. पण नोटीस दिसलीच नाही, तर कराच्या 10 टक्के किंवा 10,000 रुपये, यातली मोठी रक्कम दंड. चार हजारांच्या चुकीला किमान दहा हजारांचा आहेर!

सवलतीही आपण दिल्यात. 2017-18 ते 2019-20 या वर्षांच्या कलम 73 खालच्या मागण्यांवरचं व्याज आणि दंड माफ करायला कलम 128अ आणलंत. अट एवढीच होती, की मूळ कर 31 मार्च 2025 पर्यंत भरलेला हवा. चिपळूणचा पूर पडला 2021-22 मधला. पुरालाच यायला उशीर झाला, त्याला आपण काय करणार!

बाकी, आमच्या भाऊबंदांना आम्ही काही गोष्टी सांगून ठेवल्या आहेत, राग नसावा. कर सल्लागार असला तरी तो नोटिशीचा कोपरा दर आठवड्याला स्वतः उघडून पाहा. आदेश आला तर तीन महिन्यांत अपील करा. सबळ कारण असेल तर आणखी एक महिना मिळू शकतो. वादातल्या कराचे 10 टक्के आधी भरावे लागतात. रक्कम एकदम झेपत नसेल तर 24 पर्यंत मासिक हप्ते मागता येतात. विवरणपत्रात आपणच कबूल केलेल्या कराला मात्र ही सोय नाही.

आता गोड बोलणं पुरे, दंडसाहेब. खोटी बिलं फाडून कर बुडवणाऱ्याला खुशाल गाठा, आम्ही टाळ्या वाजवू. पण बुडवणारा आणि बुडालेला यांतला फरक ओळखा. पूर आला की त्या तालुक्याची मुदत अर्जाविना पुढे जाऊ द्या. पाण्यात गेलेल्या मालावरचं क्रेडिट परत मागू नका. नोटीस मराठीत आणि टपालाने दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. दंड न बोलावता दारात येतो, मग सवलतीसाठीच आम्ही दारोदार का फिरायचं?

कळावे, लोभ कमी व्हावा, ही विनंती.

आपला नियमित करदाता,
रत्नागिरी